निळ्या दोऱ्याची सुई

काज-बटणं करणारी ती बाई भित्री होती आणि ही गोष्ट तिनं कधी लपवलीही नव्हती. कुत्र्याला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, मीटर बघायला येणाऱ्या माणसाला भ्यायची. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवायची आणि मग उचलायची. नवरा शाळेची बस चालवायचा. तो म्हणायचा, "आमच्याकडे माणसं दोनच, त्यातलं एक कायम दाराआड." तिला राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं.

तिच्या घरी कोंबडी होती. हौसेनं पाळलेली नव्हे, आपणहून आलेली. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या पिंजऱ्यातून निसटून ती जिने चढून वर आली आणि शिलाईमशीनखाली जाऊन बसली ती बसलीच. चिकनवाला न्यायला आला तर त्याच्याच अंगावर अशी चालून गेली की तो बिचारा म्हणाला, "राहू द्या तुम्हालाच. ही काय शिजायची नाही." त्या दिवसापासून तिचं नाव फौजदारीण. दारावर थाप पडली की आधी फौजदारीण मान ताठ करून दाराशी जायची आणि तिच्यामागून बाई. नवरा घरी नसताना दार उघडण्याची हिंमत बाईला आली ती अशी, उसनी. लोक हसले तर हसोत, पण त्या कोंबडीच्या जिवावर ती दुपारभर घरात एकटी राहू शकत होती.

त्या दिवशी सकाळी फौजदारीण मशीनखालून बाहेर आलीच नाही. आदल्या दिवशीही जरा मंदच होती, पण बाईच्या हातात एका बाळाचं कापूस भरलेलं जाकीट होतं आणि ते वेळेवर द्यायचं म्हणून तिनं काणाडोळा केला होता. जाकीट घेऊन नवरा कामावर गेला, तेव्हा कुठं ती मशीनखाली वाकली. कोंबडी पिसं फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. तिला उचललं तरी तिनं चोच मारली नाही. चोच न मारणारी फौजदारीण बाईनं आजवर पाहिली नव्हती.

कोंबडीच्या गळ्याखाली एक पिशवी असते, खाल्लेलं आधी तिथं साठतं. ती पिशवी लिंबासारखी टणक झाली होती. तोंडाला आंबूस वास येत होता. बाईनं तिला खिडकीशी नेलं, धीर करून चोच उघडली, आणि जिभेच्या मागं तिला दोऱ्याचं टोक दिसलं. निळा दोरा, तिच्याच रिळाचा. जाकीट शिवताना कापलेले तुकडे खाली पडत होते, ते उचलायचे राहून गेले होते.

दोरा ओढायला तिनं हात पुढं केला आणि तो तसाच थांबला. हातशिलाई करणाऱ्या बायका सुई कधी बिनदोऱ्याची ठेवत नाहीत. पडली तर दोऱ्यावरून सापडते, एवढंच त्यामागचं शहाणपण. या बाईनं त्यात आपली भर घातली होती. संध्याकाळी तिला सुईचं नाक नीट दिसायचं नाही, आणि हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दुपारच्या लख्ख उजेडात ती सगळ्या सुयांत दोरे ओवून त्या सुयांच्या छोट्या गादीत ओळीनं टोचून ठेवायची, म्हणजे अंधारून आल्यावर हात घालायचा आणि पुढची सुई घ्यायची. आता तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. निळ्या दोऱ्याची एक सुई कमी होती.

तिनं पुन्हा बोट फिरवलं. कमीच होती.

काल संध्याकाळी दारावर थाप पडली होती, एवढं तिला आठवत होतं. पेपरवाला होता. फौजदारीण काही उठली नव्हती, म्हणून बाईची अर्धी हिंमत तिथंच गेली होती आणि हातातलं काम टाकून ती घाईघाईनं उठली होती. हातातली सुई कुठं ठेवली? गादीत? जाकिटात? की तशीच जमिनीवर पडली आणि दोऱ्यासकट कोंबडीच्या पोटात गेली? परत येऊन तिनं सवयीनं गादीतली पुढची सुई घेतली होती आणि जाकीट पुरं केलं होतं. मधलं काहीच आठवेना.

फौजदारिणीला कापडी पिशवीत घालून, मान तेवढी बाहेर ठेवून, ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथं बाकावर वासराएवढा कुत्रा बसला होता. एरवी तिनं दारातूनच माघार घेतली असती. आज ती भिंतीला चिकटून उभी राहिली, पिशवी छातीशी धरून, आणि कुत्र्याकडे न बघता देवाचं नाव घेत राहिली. कुत्र्यानं जांभई दिली तशी ती आणखी कोपऱ्यात सरकली.

डॉक्टरांनी कोंबडीचा गळा चाचपला. "पिशवी तुंबलीय. कोमट पाण्यात तेल घालून थेंब थेंब पाजा आणि गोळा हळूहळू चोळा. दोरा ओढू नका. होईल बरी."

"डॉक्टरसाहेब, आत सुई असली तर?"

त्यांनी हात काढून घेतला. "सुई आहे का?"

"माहीत नाही. हरवलीय."

"असली तर चोळू नका, बाई. आतून फाटेल. मग कापावं लागेल आणि एवढी गळून गेलेली कोंबडी ते सोसेल असं मी तरी सांगणार नाही. एक्स-रे काढायचं मशीन माझ्याकडे नाही. पण नुसती ठेवलीत तरी वाचणार नाही ती. आधी सुई शोधा आणि आजच काय ते करा."

घरी येऊन तिनं सगळी जमीन लोहचुंबकानं झाडून काढली. मशीनच्या पायांखाली, चटईच्या कडेला, चिंध्यांच्या टोपलीत. टाचण्या निघाल्या, एक हूक निघाला, कधीची हरवलेली किल्लीही निघाली. सुई नाही. मग तिला वाटलं, चुंबक कोंबडीच्या गळ्याला लावून बघावं. तिनं ते जवळ नेलंही, आणि एकदम मनात आलं, आत सुई असली आणि ती चुंबकाकडे ओढली जाऊन मांसातूनच बाहेर आली तर? तिनं चुंबक दूर फेकलं. फौजदारिणीनं डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला. तो डोळा मिटताना बघून बाईला रडू फुटलं.

आता राहिलं ते जाकीट. बाळाची आई पोस्टापलीकडच्या उंच इमारतीत राहायची. बाई तिथं एकटी कधी गेली नव्हती. मापं घ्यायलासुद्धा ती नवऱ्याला सोबत घेऊन गेली होती. आज कोंबडीला टोपलीत मऊ कापडावर ठेवून, शेजारी गरम पाण्याची बाटली लावून ती निघाली. लिफ्टचं दार उघडं होतं, तरी ती जिन्यानं चढली. पायरी-पायरीला तिच्या ओठांवर एकच होतं. जाकिटातच असू दे. देवा, जाकिटातच असू दे.

दार बाळाच्या आईनं उघडलं. बाळ तिच्या कडेवर होतं आणि त्याच्या अंगात ते जाकीट होतं.

"या ना मावशी. फार छान झालंय. काकांनी सकाळी आणून दिलं आणि लगेच घातलं मी. फक्त हा मघापासून कुरकुरतोय. नवं कापड टोचत असेल, नाही का?"

"ताई, ते जरा काढून देता? मानेशी एक टाका राहिलाय."

जाकीट हातात आल्यावर तिनं तिथंच, उंबऱ्याशी उभ्यानं, शिवण न् शिवण चाचपायला सुरुवात केली. बाह्या, कड, पाठ. कापूस सगळीकडे मऊ. मग मानेची पट्टी. पट्टीखाली, अस्तर आणि कापसाच्या मध्ये, काहीतरी ताठ हाताला लागलं आणि बोटात टोचलं.

ती हसली. मोठ्यानं, पोटातून, कित्येक दिवसांत हसली नव्हती तशी. सुई इथं होती. म्हणजे तिकडे नव्हती. आता चोळता येईल, आता फौजदारीण मरायची नाही.

"काय झालं?" बाळाची आईही तिच्याबरोबर हसू लागली.

तेव्हा बाईनं मान वर केली आणि तिला बाळ दिसलं. उघडं, गळ्याच्या खळीशी एक बारीक लाल ओरखडा असलेलं. त्याची आई नकळत त्यावर अंगठा फिरवत होती. बाईनं मानेची पट्टी मुठीत झाकली.

"काही नाही," ती कशीबशी म्हणाली. "टाका सापडला. नीट करून पाठवते." आणि जाकीट घेऊन ती जिना उतरली.

घरी आल्यावर विचार करायला सवड नव्हती आणि ते बरंच झालं. तिनं कोंबडीला मांडीवर घेतलं, औषधाच्या ड्रॉपरनं चोचीच्या कडेला कोमट तेलपाणी सोडलं, एक थेंब, मग दुसरा. घाईत श्वासनळीत गेलं तर कोंबडी गेलीच, म्हणून गिळल्याची हालचाल दिसेपर्यंत ती पुढचा थेंब सोडत नव्हती. मग अंगठा आणि दोन बोटांनी गोळा हळूच दाबायला लागली. काजं करून तिच्या बोटांना कमी जोर लावायची सवय होती. तरी दर दाबाला वाटायचं, आता काहीतरी फुटेल. गोळा आधी हललाच नाही. नंतर नंतर त्याला खळगा पडायला लागला. संध्याकाळी नवरा आला तेव्हाही ती तशीच बसलेली.

तो म्हणाला, "मी काय करू?"

"पाणी गरम करा. आणि मला बोलायला लावू नका."

तो पाणी गरम करत राहिला. उजाडता उजाडता फौजदारिणीनं मान जोरात झटकली आणि निळ्या दोऱ्यांचा एक बुळबुळीत गुंता बाहेर टाकला. बाईला वाटलं, आता ही गेली. कोंबडी मान टाकून पडून राहिली. खूप वेळानं तिनं पाण्यात चोच बुडवली.

पुढचे काही दिवस मऊ भात कुस्करून चिमटीनं भरवणं, रोज पिशवी चाचपणं, विष्ठा बघणं, ऊन येईल तिकडे टोपली सरकवणं, हेच चाललं. मशीनला हात लागला नाही. ज्याची काज-बटणं ती करायची तो शिंपी चौकशी करून गेला, नवऱ्यानं काहीतरी सांगून त्याची बोळवण केली. आणि एका सकाळी तो बूट घालत असताना फौजदारिणीनं त्याच्या अंगठ्याला कचकन चोच मारली.

"आली, आली ड्युटीवर," तो पाय धरून म्हणाला. तो इतका खूश झाला होता की त्यानं तिला दुसरा पायही पुढं करून दाखवला. मग त्याला घडी घालून ठेवलेलं जाकीट दिसलं. "हे द्यायचंय ना? जाता जाता देतो."

"नको. मी जाईन."

"तू? एकटी?" तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "अगं, सुई सापडली, बाळाला काही झालं नाही, कोंबडी वाचली. आता कसली काळजी?"

"सुई हाताला लागली तेव्हा मला आनंद झाला."

"होणारच की."

"कोंबडीसाठी झाला. बाळ समोर होतं आणि मला दिसलंच नाही. चढताना सगळा जिना मी मागत गेले, सुई त्याच्याच कपड्यात असू दे म्हणून."

नवरा बुटाची नाडी बांधत राहिला.

ती गेली. दार उघडल्यावर आत न जाता, जाकीट पुढं न करता, तिनं आधी सांगून टाकलं. "ताई, टाका राहिला नव्हता. मानेच्या पट्टीत सुई राहिली होती. माझ्या हातून. त्या दिवशी मी खोटं बोलले."

बाळाच्या आईनं बाळाचा गळा बघितला. तिथं आता काही नव्हतं. "मग तुमच्या कधी लक्षात आलं?"

जाकीट गेल्यावर आठवलं आणि धावत आले, असं म्हणता आलं असतं. तिच्या तोंडापर्यंत आलंही होतं.

"माझी कोंबडी आजारी पडली," ती म्हणाली. "तिच्या पोटात सुई गेली की काय, म्हणून शोधत होते."

बाळाची आई हळू आवाजात म्हणाली, "आणि ती आजारी पडली नसती तर?"

बाईनं हातातलं जाकीट पुढं केलं. बाळाची आई मागं सरली. जास्त नाही, एक पाऊल, पण बाळाला दुसऱ्या बाजूच्या कडेवर घेत, बाईच्या हातापासून लांब. ते मागं सरणं बाईला चांगलं ठाऊक होतं. कुत्रा दिसला की, अनोळखी माणूस दारात आला की, जन्मभर ती स्वतः तशीच मागं सरत आली होती. तिला बघून मात्र आजवर कुणी सरलं नव्हतं.

तिनं जाकीट दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं आणि जिना उतरू लागली.