रेवाचं जाड पुस्तक

घरीच शिकवणाऱ्या सगळ्या आयांनो, आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आमची रेवा दहा वर्षांची. जन्म अमेरिकेतला, म्हणून तिथला इतिहासही शिकवायचं ठरवलं. दुपारी दोन पुस्तकं समोर होती. पातळ पुस्तकात गुलामगिरी अर्ध्या पानात उरकलेली. जाड पुस्तकात आईपासून तोडून विकलेल्या एका मुलीची अख्खी गोष्ट.

शेजारच्या मंजिरीताई म्हणाल्या, "अगं, इथे पुण्यात, धायरीत बसून अमेरिकेची परीक्षा द्यायचीय का? पातळ घे, लवकर संपेल."

मलाही पातळच हवं होतं. रेवा फार हळवी आहे. "मोठी झालीस की दुसरं वाचू," मी तिला म्हटलं.

तिनं विचारलं, "झोईला हे घरी सांगितलं असेल?" झोई तिची तिथली कृष्णवर्णीय मैत्रीण. अजून दर रविवारी दोघी फोनवर बोलतात.

"असेल."

"पण आई, ती तर माझ्याहून लहान आहे."

मी पातळ पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मंजिरीताईंनीच जाड पुस्तक माझ्यासमोर सरकवलं.

संध्याकाळी आम्ही जाड पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. उद्या पहिला धडा. रेवा रडली तर मी जवळ घेईन. पण वाचताना मलाच रडू आलं तर? तुम्ही काय करता अशा वेळी?