अण्णांनी लावलेला कौल

गुलाबी. अजून गुलाबीच. जरा जांभळट झाले का? नाही, पडद्याची सावली आहे ती. दुपारची वेळ, वॉर्डातले पंखे घरघरतायत, आणि मी कॉटला टेकून माझ्या लेकीचे, शालूचे, ओठ बघत बसलेय. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, "आम्ही आमचं सगळं करू," आणि पुढचं वाक्य त्यांनी बोट वर दाखवून पूर्ण केलं. डॉक्टरांनीसुद्धा!

पलीकडे स्टुलावर सासूबाई माळ ओढतायत. सकाळपासून त्यांचं एकच चाललंय. "एकदा तरी देवाक हात जोड गो. आवस असंस तू तिची. आवशीचा ऐकता तो." आवस म्हणजे आई.

मी हात जोडलेले नाहीत. अण्णा, म्हणजे माझे सासरे, घशाच्या कॅन्सरने तडफडून गेले, तेव्हापासून नाहीत. पण आता वाटतं, माझ्या हट्टाची शिक्षा शालूला झाली तर? जो नाहीच असं मी म्हणते, त्याचीच भीती. बी.एस्सी. झालेय मी.

डोळ्यांवर काहीतरी मऊ उतरतं. ओठ गुलाबी आहेत. ओठ…

"काय गो, निजलंस?"

कॉटच्या पायथ्याशी अण्णा उभे आहेत. धोतर, खांद्यावर पंचा, देवळात जाताना असायचे तसे.

"नाही अण्णा. डोळे मिटलेत फक्त."

"तांच तां."

आवाज खणखणीत आहे. शेवटी शेवटी तर त्यांना पाणीसुद्धा खुणेने मागावं लागायचं. "तुमचा आवाज आला परत?"

"थंय सगळा परत गावता. दात सोडून." ते बोळकं दाखवून हसतात.

आम्ही चालायला लागतो. शालू माझ्या कडेवर आहे. मग नाही. मला तिचं वजन मात्र लागतंय. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर आमच्या गावातली माणसं बसलीयत, सगळी गेलेली, आणि आपला नंबर लागायचाय अशा चेहऱ्याने समोर बघतायत.

"देव भेटला का तुम्हाला?"

"भेटलो तर! रोज भेटता."

"मग विचारलंत ना त्याला? इतकी वर्षं तुम्ही त्याच्यासमोर उभे राहून गाऱ्हाणं घातलंत. तर त्याने तुमचा घसाच नेला. आणि आता ही एवढीशी पोर. हिने काय केलं होतं?"

गाऱ्हाणं म्हणजे आमच्याकडे गावाच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. एकाने मोठ्याने म्हणायचं, काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घे, आणि मागच्या सगळ्यांनी दर वाक्याला ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" आमच्या गावात ते अण्णा घालायचे. दुकानाच्या उद्‌घाटनापासून कुणाच्या पोटदुखीपर्यंत.

"इचारूक गेलंय," अण्णा म्हणतात. "पण तो माका बोलूकच देईना. तोच गाऱ्हाणा घालता."

"देव? कुणाला?"

"आमकां. हात जोडून उभो रवता नि म्हणता, 'बाबांनो, माझ्या हातान काय चुकला माकला आसात तर पोटात घेवा.'"

"आणि तुम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणता?"

"खंय! कोणच बोलणा नाय."

"तुम्ही?"

"मिया खाकरतंय."

मला हसू येतं, आणि लगेच राग येतो. "अण्णा, तो सगळं करू शकतो ना? मग माफी कसली मागतो? करायचंच नव्हतं असं! आणि शकतच नसेल, तर आम्ही एवढी वर्षं कुणाला हात जोडले?"

अण्णा डोकं खाजवतात. "म्हणानच तर माका काय कळना नाय. मेल्यार कळतला म्हणान वाटलेला. चल, कौल लावया."

लिफ्टचं दार उघडतं. आत गाभारा आहे. समईच्या तेलाचा वास, त्यात फिनेल. मधोमध आमच्या देवाचा काळा पाषाण. भिंतीवर मजल्यांची बटणं तशीच आहेत.

अण्णा तांदळाचे दोन दाणे पाण्यात बुडवतात आणि पाषाणावर चिकटवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. पडेल ते उत्तर.

"उजवो पडलो तर तेका सगळा जमता, पण करणा नाय," अण्णा म्हणतात. "डावो पडलो तर करूचा असा, पण जमणा नाय. खयचो होयो तुका?"

मला दोन्ही नकोत. जमत असून करत नसेल, तर त्याच्या हाती पोर कशी देऊ? आणि जमतच नसेल, तर उद्या तिला आत नेतील तेव्हा तिथे कोण असेल?

"तिसरा दाणा नसतो का, अण्णा?"

"चाळीस वर्सां लावतंय. माका कोणी इचारूक नाय." ते खाली बसतात. त्यांनाही ठाऊक नाही, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळतं. म्हातारे वाटतात एकदम.

पाषाण कोमट आहे. मी हात लावते, तर तो हलतो. वर येतो, खाली जातो.

"अण्णा, हा श्वास घेतोय!"

"मगे तूच बघ नीट." मग हळूच, "बाय, तेका कोणी तरी व्हय म्हणूक होया गो. पण तू म्हणू नको. घाईन म्हणू नको."

"पडला का? कोणता पडला?"

"अगो, कोणाशी बोलतंस?" सासूबाई माझा खांदा हलवतायत. पंखे घरघरतायत. माझा हात शालूच्या उघड्या छातीवर आहे.

मी हात उचलते. खाली तांदळाचा एक दाणा चिकटलेला आहे. कच्चा, पाण्याने ओला. सासूबाईंच्या पदराला गावच्या अक्षता बांधलेल्या असतील. असतीलच. पण हा अगदी मधोमध आहे, आणि एकच आहे.

मी चादर झटकते, उशी उचलते, कॉटखाली वाकून बघते, आणखी दाणे सांडलेत का.

"काय शोधतंस?"

"काही नाही, आई."

दाणा शालूच्या श्वासाबरोबर वर येतो, खाली जातो. कड सुटायला लागलीय त्याची. मी जिभेला बोट लावते आणि तो नीट दाबून बसवते.