पाण्यातला नांगर

आमच्या अंगणात बाबांच्या होडीचा नांगर पडून आहे. आज सकाळी आई काथ्याने त्याचा गंज घासत बसली होती.

आई घाटावरची, शेतकऱ्याची लेक. लग्नानंतर बाबा पहिल्यांदा म्हणाले, "होडी नांगरून येतो," तेव्हा ती हसत सुटली होती. "अहो, पाण्यात काय पेरणार?" तिच्या माहेरी नांगर जमीन फोडत चालायचा, इथे तो तळाशी रुतला, की माणूस घरी जेवायला यायचा. शब्द तोच, पण आईला तो नव्याने शिकावा लागला.

मग एका वादळानंतर बाबांची होडी रिकामीच सापडली. नांगर आतच होता.

"भंगारात देऊन टाकू या का?" मी विचारलं.

तिचा हात थांबला.

"पाण्यात काय पेरणार, असं हसून विचारलं होतं मी," ती म्हणाली. "विचारायला नको होतं गं."