कारणाच्या रकान्यात कॉस्मसने काय लिहिलं

कॉस्मस आमच्या ऑफिसात आला की आधी बूट काढायचा. कोणी सांगितलं नव्हतं. सर्व्हरच्या कपाटाजवळ धूळ नको म्हणून काढायचा, आणि मग नुसत्या मोज्यांनी साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात असा फिरायचा की जशी काही जागा त्याच्या बापाची आहे. एकदा मी वैतागून तसं बोललेही. तो म्हणाला, "होतीच."

मरोळच्या गावठाणातला माणूस तो. त्याच्या वडिलांची इकडे भातशेती होती, तिथे आता आमचे हे गाळे आहेत. शेत गेलं, त्याचं दुःख म्हाताऱ्याने पचवलं. पण पुढे राहत्या घराच्या ओट्याबद्दल एक नोटीस आली आणि तीत त्यांना अतिक्रमण करणारा म्हटलेलं होतं. ते काही पचलं नाही. शेवटच्या आजारपणात ते जमिनीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, त्या नोटिशीबद्दल मात्र रोज बोलायचे. हे कॉस्मसने मला डबा खाता खाता सांगितलं होतं, आणि लगेच विषय बदलून इनेझने, म्हणजे त्याच्या बायकोने, केलेलं बोंबलाचं लोणचं माझ्या पोळीवर वाढलं होतं.

आमच्याकडे लिफ्टचे सुटे भाग बनतात. ऑफिसात कॉम्प्युटर सोळा, त्यातले दहा आमच्या हॉलमध्ये, सगळे एका सर्व्हरला जोडलेले. काही अडलं की एका एजन्सीकडे तक्रार जायची, त्यांच्या भाषेत कॉल, आणि ती कॉस्मसला पाठवायची. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंतची तीसेक ऑफिसं हा एकटा माणूस स्कूटरवरून सांभाळत होता. आला की पहिला प्रश्न ठरलेला, "शेवटचं काय बदललंत?" आणि आमचं उत्तरही ठरलेलं, "काहीच नाही." यावर तो भडकायचा. म्हणायचा, "काहीच नाही म्हणणाऱ्याच्या टेबलाखाली मला हमखास सुटलेली वायर सापडते. खोटं बोलायचं तर निदान वायर तरी खोचून ठेवा!"

आता शकुताईंचं सांगते. मी खरेदी विभागात, त्या माझ्या शेजारच्या टेबलावर. मूळच्या मेहकरकडच्या, राहायला कांदिवलीला, कंपनीत बावीस वर्षं. दरपत्रकं त्यांच्याकडे असायची. फाइलचं नाव सांगायचा अवकाश, कुठल्या वर्षी कोणाला काय भाव दिला ते त्या तोंडी सांगायच्या. रिटायर व्हायला चौदा महिने उरले होते.

आमच्याकडे दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. एका सोमवारी शकुताईंची पाळी आली. त्यांनी जुना टाकला, नवा टाकला, आणि स्क्रीनवर इंग्रजीत भलंमोठं वाक्य आलं. सुरक्षा भेदण्याचा प्रयत्न झाला असण्याची शक्यता सिस्टमला आढळली आहे, असं काहीतरी. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आमचे मॅनेजर मिथुनसर मागे येऊन उभे.

आता कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आदल्याच आठवड्यात आमचं एक दरपत्रक बाहेरच्या कंपनीच्या हाती लागलं होतं. मिथुनसरांनी ते वाक्य सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं उभ्याने मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "शकुबाई, काय उद्योग चाललेत तुमचे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! बावीस वर्षं कंपनीत काढलेल्या बाईला. त्यांची पर्स टेबलावर रिकामी करायला लावली. आत चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, नातवाचा एक मोजा. मग चौकशी होईपर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून त्यांना पाण्याच्या कूलरजवळ खुर्ची टाकून बसवलं. पाणी प्यायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे बघणार. आम्ही हॉलमधले बाकी नऊ जण तोंड शिवून बसलो होतो, आणि त्यात मीही होते. त्याचा मला आजही संताप येतो.

कॉस्मस मंगळवारी आला. कूलरकडे नजर गेली. "ताईंना तिथे का बसवलंय?" त्याने विचारलं. मी हळूच सांगितलं. त्या दिवशी तो बूट काढायला विसरला.

दिवसभर तो त्या मशीनशी झगडला. खातं लॉक झालंय का बघितलं, नव्हतं झालं. लांबलचक पासवर्ड टाकून पाहिला, आकडे घातले, चिन्हं घातली. वायर बदलली. मशीनने साठवलेले जुने पासवर्ड पुसले. तरी तेच वाक्य. "रोज लॉगिन होतं, फाइली उघडतात, फक्त पासवर्ड बदलायला गेलं की बोंब. शेवटचं काय बदललंत रे इथे?" त्याने हॉलला विचारलं. आम्ही म्हणालो, काहीच नाही. मिथुनसर केबिनमधून म्हणाले, "मशीनमध्ये काय शोधताय? माणसात शोधा." कॉस्मसचे कान लाल झाले.

बुधवारी पुन्हा आला. जेवायच्या सुमाराला डोळे चोळत त्याने मॉनिटरच्या कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाला, "एक वाजून गेला की. माधुरी, डबा काढ."

मी सहज म्हणाले, "अजून वेळ आहे रे. ते घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे ना."

"काय म्हणालीस?"

"अरे, हॉलमधली सगळीच आहेत. दोन महिने झाले."

त्याने खिशातून फोन काढला, स्क्रीनशेजारी धरला आणि मग माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"दोन दिवस मी विचारतोय, काय बदललंत, काय बदललंत. आणि हे तुम्हाला बदल वाटलाच नाही?"

काय सांगू? खरंच नव्हता वाटला. मुंबईत कुठल्या घरातलं घड्याळ बरोबर असतं? माझ्या घरी हॉलमधलं पंधरा मिनिटं पुढे, बेडरूममधलं दहा. जन्मभर आम्ही घड्याळ बघतो आणि वजाबाकी करतो. ऑफिसात आणखी एक वजाबाकी, म्हणून सोडून दिलं. आणि ते पुढे केलं होतं कोणी? मिथुनसरांनी. आमची हजेरी लॉगिनच्या वेळेवर लागते, ती वेळ त्या त्या मशीनच्या घड्याळावरून. नऊ वाजता आलेला माणूस नऊ दहाला आला असं लागायचं. तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापली जायची. आम्ही आपापसात शिव्या घालायचो आणि दहा मिनिटं लवकर यायचो.

कॉस्मसने मला दोन वाक्यांत समजावलं. पासवर्ड बदलताना सर्व्हर मशीनची वेळ तपासतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक दिसला की त्याला वाटतं, कोणीतरी लबाडी करतंय. "आणि बरोबर वाटलं त्याला," कॉस्मस म्हणाला. "लबाडी चाललीच होती. फक्त ती ताईंची नव्हती."

हॉलमधल्या बाकी नऊ जणांचे पासवर्ड संपायला अजून चार-आठ दिवस होते. शकुताईंचा आधी संपला, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याने घड्याळ जागेवर आणलं आणि शकुताईंना बोलावलं. त्या यायला तयार होईनात, सरांनी हात लावू नका सांगितलंय म्हणाल्या. शेवटी मी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी जुना टाकला, नवा टाकला. झालं. एका फटक्यात.

मिथुनसर बाहेर आले. "झालं ना? गुड. कॉल बंद करा. शकुबाई, बसा तुमच्या जागेवर." आणि वळले. एवढंच! चोराच्या उलट्या बोंबा दोन दिवस ऐकल्या होत्या, आता बोंब थांबली म्हणून आम्ही त्याचे आभार मानायचे.

"जाऊ दे ताई," मी म्हणाले, "सगळ्यांना माहितेय तुम्ही काही केलं नाही."

शकुताई पहिल्यांदा माझ्यावर ओरडल्या. "सगळ्यांना? अगं, काल जेवताना आकाशने मला विचारलं. माझ्या पोटच्या पोराने. आई, खरंच तू काही केलं नाहीस ना, म्हणाला. सून ताटाकडे बघत बसली. काय सांगू मी त्याला, जाऊ दे?"

कॉस्मसने बॅगेतून कॉल-रिपोर्टचं पुस्तक काढलं. प्रत्येक कामानंतर तो त्यात दुरुस्तीचं कारण लिहितो आणि ऑफिसच्या माणसाची सही घेतो. एक प्रत आमच्याकडे, एक त्याच्या एजन्सीकडे, एक आमच्या शेठना. बहुतेक वेळा कारणाच्या रकान्यात दोन शब्द असतात. त्या दिवशी त्याने रकाना भरून खाली समासात लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. 'मॅनेजरांनी हॉलमधल्या दहा कॉम्प्युटरांची घड्याळं दहा मिनिटं पुढे केली. त्यामुळे सर्व्हरने पासवर्ड बदलू दिला नाही. यात शकुताईंचा काहीही दोष नाही. त्यांनी कोणतीही चोरी केलेली नाही.'

मिथुनसरांनी वाचलं आणि पुस्तक परत सरकवलं. "टेक्निकल फॉल्ट लिहा."

"टेक्निकल नव्हता."

"मी तुमच्या बॉसशी बोलतो." खरंच फोन लावला, स्पीकरवर टाकला. कॉस्मसचा बॉस म्हणाला, "अरे यार कॉस्मस, टेक्निकल फॉल्ट लिही आणि निघ. मुलुंडचा कॉल थांबलाय."

"थांबू दे," कॉस्मस म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सर, मशीनमध्ये नोंद असते. कोणाच्या लॉगिनने वेळ बदलली, कुठल्या तारखेला. सही नसेल तर मला कारणाचा पुरावा जोडावा लागतो. दहा मशीनचे दहा प्रिंट काढतो आणि शेठकडे पाठवतो. नाहीतर सही करा."

मिथुनसरांनी सही केली. पेन कागदातून आरपार जाईल अशी केली.

आम्हाला वाटलं, संपलं. तेवढ्यात शकुताई म्हणाल्या, "वाचा."

"काय?"

"परवा मोठ्याने वाचलंत ना, सगळ्यांना ऐकू जाईल असं? हेही वाचा." सर खुर्चीत बसायला लागले तशा म्हणाल्या, "उभं राहून. परवा उभे होतात."

हॉलमध्ये कोणीतरी "वाचा सर" म्हणालं. मग दुसरं. तिसरी मी होते, दोन दिवस उशिरा. मिथुनसरांनी वाचलं. 'चोरी केलेली नाही' इथे आवाज खाली गेला, तर कॉस्मस म्हणाला, "ऐकू आलं नाही." ते पुन्हा वाचावं लागलं.

त्यानंतर कॉस्मसला आमच्या ऑफिसचे कॉल देणं बंद झालं. आता कोणी दुसराच येतो, बूट घालूनच फिरतो. पण हे नंतरचं.

त्या दुपारी शकुताईंनी त्या कागदाचा फोटो काढून आकाशला पाठवला. आम्ही तिघं डबे उघडून बसलो होतो. फोन मधोमध ठेवलेला. कोणी घास घेत नव्हतं. आकाशने फोटो पाहिल्याची खूण आली. मग उत्तर आलं. वर केलेला अंगठा. एक पिवळा अंगठा, बस.

मला मिथुनसरांचा आला नव्हता इतका राग त्या अंगठ्याचा आला. कॉस्मस म्हणाला, "ताई, फोन करा त्याला. बोला."

शकुताईंनी कागदाची नीट घडी घातली, पर्समध्ये चष्म्याच्या घराखाली ठेवली आणि डबा पुढे ओढला.

"फोनवर कशाला?" त्या म्हणाल्या. "घरी जाते. सुनेला समोर बसवते. आणि त्यालाही उभं राहून वाचायला लावते."