आबांच्या तोंडून न निघालेलं गाव

सोपानमामांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसण्यात एक तोटा आहे. चाकण येईपर्यंत तुमचं आडनाव, मूळ गाव, भावकी, सोयरीक, सगळं बाहेर काढलं जातं. मामा आमच्या कंपनीची स्टाफ बस चालवतात, दिघीहून मोशीमार्गे चाकणला. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात ते माझ्या पणजोबांपर्यंत पोचले होते. मग मीही विचारलं, "मामा, तुमचं गाव?"

"दिघी."

"मूळचं?"

"ट्रॅफिक बघ किती हाय."

पुढं कळलं, की मामांना खरंच माहीत नव्हतं. त्यांचे वडील भिवाआबा ऐंशीच्या पुढचे. लहानपणी आईबापाबरोबर कुठून तरी दिघीला आले. आबांना दोन चुलते होते, त्यातला एक मुंबईकडं गेला आणि दुसरा कुठं गेला ते घरात कुणी कधी बोललं नाही. गावाचं नाव काढलं की आबांना ऐकू येईनासं व्हायचं. शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडलेला मात्र बरोबर ऐकू यायचा.

असं आणखी कितीतरी वर्षं चाललं असतं. पण या साली मामांच्या तेजस्विनीचं लग्न ठरलं आणि सगळं अडून बसलं. पहिली पत्रिका गावच्या देवापुढं ठेवायची असते. ती ठेवल्याशिवाय कौशल्यामामी बाकीच्या पत्रिका कपाटाबाहेर काढू देईनात.

"दिघीच्याच देवळात ठेवू की," मामा म्हणाले.

"हितल्या देवाकडं आपण भाडेकरू. आपला देव कुठंतरी वाट बघत बसला असंल. त्याला डावलून लग्न लावलं आन पोरीचं काय वाईट झालं, तर?"

तो 'तर' मामांच्या मानगुटीवर बसला. सिग्नल हिरवा झाला तरी बस जागची हलेना. एकदा तर स्टॉपवर हात करणाऱ्या हर्षालीला सोडून बस पुढं गेली. हर्षाली आमच्या असेंब्ली लाइनवरची. ती बिचारी पळत आली आणि चढल्या चढल्या म्हणाली, "मामा, पोरीचं लग्न आहे की तुमचं?"

गाठ सुटली ती डब्यामुळं. चैत्रात एका साध्या मंगळवारी मामांच्या डब्यात पुरणपोळी निघाली. दुसऱ्या दिवशी मटण.

"कसला सण, मामा?"

"आबांचा हट्ट. दरसाल चैत्र वद्य षष्ठीला पोळी पायजे, दुसऱ्या दिवशी मटण. का, ते इचारायचं न्हाई."

मागून हर्षाली हसायला लागली. "अहो मामा, ही जत्रा आहे! पहिल्या दिवशी देवाला गोड, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना तिखट. आमच्याकडं गावागावाची तिथी वेगळी असते."

मामांनी भर रस्त्यात बस कडेला घेतली. मागचे ट्रेलरवाले हॉर्न वाजवत आमच्या आईबापाची आठवण काढत होते आणि बसमधला एकेक जण आपापल्या घरी फोन लावत होता. षष्ठीला जत्रा भरणारी दोन गावं निघाली.

पहिल्या गावाला मामा एकटेच गेले, गुरुवारच्या सुट्टीत. उतावीळपणा असा, की आधी पत्रिका देवापुढं ठेवली आणि मग चौकशी केली. आबांच्या वडिलांचं, गेनबाचं नाव तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं. ठेवलेली पत्रिका परत कशी मागणार? ते देव आता बहुतेक लग्नाला येणार.

दुसरं गाव आंबेदरा, चाकणच्या पुढं डोंगराकडेला. या खेपेला मामांनी शेजाऱ्याची इको गाडी मागून आणली, मला धरलं आणि आबांना म्हणाले, "चला, देहूला जाऊन येऊ."

चाकणचा चौक मागं पडला तसे आबा म्हणाले, "देहू ऱ्हायलं की मागं."

"शॉर्टकट हाय, आबा."

डांबरी संपून चढ लागला. एका फाट्यावर मामा घुटमळले. मागून आवाज आला, "डावीकडं."

मामांनी आरशात पाहिलं. आबांनी तोंड खिडकीकडं वळवलं होतं.

देऊळ नव्या टाइल्सनी चकाकत होतं. आबा गाडीतून उतरेनात. "तुमी जा. बापाचं नाव काडू नका. दगडं मारत्याल."

"पण का, आबा?"

मग सगळं बाहेर आलं. जत्रेत देवाची उंच काठी नाचवायचा मान त्यांच्या घराचा. काठी जमिनीला टेकू द्यायची नाही. एका साली गेनबाच्या हातून ती आडवी पडली. त्याच उन्हाळ्यात गावची जनावरं रोगानं मेली. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पाणवठ्यावर गेलं की बाया उठून जायच्या. तिघा भावांनी गाव सोडलं. तीन दिशांना गेले, म्हणजे कुणी ओळखायला नको.

मामा स्टिअरिंग धरून बसून राहिले. "मग पत्रिका ठेवू का नको?"

आबांनी खिडकीची काच ओढून घेतली.

"पोर माजी हाय," मामा म्हणाले. "दगडं खातो." आणि उतरले. मीही मागोमाग.

पायरीवर गवराबाई नावाची म्हातारी बसली होती. नव्वदीची तरी असेल. "कुनाचा रं तू?"

मामा म्हणाले, "गेनबाचा नातू."

"गेनबा? बासरी वाजवायचा त्यो? कुटं गेली रं ती मानसं? आमाला वाटलं, मुंबईला शेट झाली आन इसरली."

"त्यांच्या हातनं काठी पडली होती ना…"

"कवा? काठी काय, लई येळा पडली. आता तर क्रेननं उभी करत्यात."

"अन जनावरं मेली ती?"

"रोग आलता बाबा. समद्याच गावांत आलता."

मामांनी पत्रिका देवापुढं ठेवली. गुरवानं गुलाल लावला. मामा जवळजवळ पळतच गाडीकडं आले. "आबा, चला खाली! पायरीवरची म्हातारी म्हणती, काठी लई येळा पडली. कुनालाच आठवत न्हाई!"

मला वाटलं, म्हातारा रडेल. तर त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"आठवत न्हाई?"

दार स्वतःच उघडून ते ताडताड देवळाकडं निघाले आणि गवराबाईसमोर उभे राहिले. "गवराक्का, तू व्हतीस तितं. पिवळं लुगडं नेसलीवतीस. काठी पडल्याव पयली तूच किंचाळलीस!"

"म्या?"

"तू! आन म्हणं लई येळा पडली!"

चार माणसं जमली. आबांनी वारा कुठून आला, दोर आधी कुणी सोडला, सगळं हातवारे करून सांगितलं. गावकरी कौतुकानं माना हलवत होते, त्यानं आबा आणखीच चिडत होते.

"आबा, चला आता. सकाळी माजी फर्स्ट शिफ्ट हाय."

"गप बस," आबा वळूनही न बघता म्हणाले, आणि डेअरीला दूध घालून येणाऱ्या एकाला हाताला धरून थांबवत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.