विभागाचा ई-मेल आणि आबा

टपालावर आबांइतका जीव लावणारा माणूस उभ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. आबा म्हणजे जळगावच्या विद्यापीठातल्या आमच्या विभागाचे आवक-जावक कारकून. नव्वदचं दशक संपत आलं होतं. साऱ्या विभागाला मिळून एक संगणक आणि एकच ई-मेलचा पत्ता आला, तेव्हा तो सांभाळायचं काम आपोआप आबांकडे गेलं. उघडायला शिकवलं मी, म्हणून पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक. आबा चपला दाराबाहेर काढून खुर्चीवर बसत, आलेला प्रत्येक मेल छापत, त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारत आणि शिपायाबरोबर फिरवत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "सर, हाई बी टपालच शे. मशीनमा उनं म्हणून काय झालं?" एकदा वजन घटवायच्या परदेशी गोळ्यांची जाहिरात आली. तीही आबांनी 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून फिरवली आणि विभागप्रमुखांसकट आम्ही आठही जणांनी न वाचता 'पाहिले' म्हणून सह्या ठोकल्या. प्रत्येक मेलला ते पोच पाठवत. एकदा पत्ता चुकला आणि मेल पोहोचला नसल्याचं यंत्राचं उत्तर आलं. आबांनी त्याचीही पोच दिली, पुन्हा उत्तर आलं, पुन्हा पोच. अशा सात फेऱ्या झाल्यावर मला कौतुकानं म्हणाले, "माणूस भला शे. दर टाइमले उत्तर देस."

आबांचा एक नियम होता. न उघडलेले मेल पडद्यावर ठळक अक्षरांत दिसतात, तेवढेच छापायचे. ठळक नाही ते आपण आधीच छापलेलं, असा त्यांचा हिशेब. हा नियम मला माहीत होता, हे मी आजच कबूल करतो. एका शनिवारी आबा रजेवर होते आणि मी माझा एक मेल शोधत बसलो होतो. पिंपळनेरच्या आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीच्या नावे बंगळूरहून काहीतरी आलेलं दिसलं. माझा काही संबंध नव्हता, तरी उघडून वाचलं. तिला तिथल्या प्रयोगशाळेत सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. आठवड्याच्या आत होकार कळवायचा होता. आबांना चिठ्ठी ठेवू असं मनात म्हणालो, आणि परीक्षेच्या कामासाठी धुळ्याची बस पकडायच्या घाईत ते राहून गेलं. दहा दिवसांनी परतलो, तोवर तिची जागा दुसऱ्याला गेली होती आणि मेल पाठवला होता हे तिला बंगळूरहून फोनवर कळलं होतं.

विभागप्रमुखांनी आबांना सगळ्यांसमोर उभं केलं. आबांनी आवक रजिस्टर उघडून दाखवलं. "साहेब, नोंद नाही. म्हणजे आलंच नाही." संगणक उघडला तर मेल तिथंच होता. "मग हे काय आहे, आबा? झोपा काढता का?" मेलची अक्षरं ठळक नव्हती, म्हणजे आपणच उघडून छापायचं विसरलो, असं आबांना वाटलं. मग टोपी काढून त्या मुलीपुढे गेले आणि म्हणाले, "पोरी, मन्ही चूक शे." मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडलं नाही. पासवर्ड बदलून माझ्याकडे आला आणि आबांना उरलेली दोन वर्षं भांडारात खडू-डस्टर मोजायला बसवलं.

ते निवृत्त झाल्यावर सगळं सांगून टाकायचं म्हणून मी सोनगीरला त्यांच्या घरी गेलो. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी शेजारपाजारच्यांना बोलावून घेतलं. "हाई आमना सर. तवय बठ्ठा विभाग माले बोलना, पण ह्या एक शब्द बोलनात नही!" सगळा विभाग आबांना बोलला आणि मी एकटा बोललो नाही, हे ऐकून शेजाऱ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. आबांच्या बायकोनं, अक्कांनी, माझ्या ताटात भरीत वाढलं. आता खरं सांगितलं, तर विभागात भेटलेला एकुलता एक भला माणूसही आबांच्या हातून जाईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर भला म्हणवून घेणं मला बरं वाटत होतं. निघताना आबा माझी पिशवी घेऊन महामार्गापर्यंत आले. बस येईपर्यंत तासभर आम्ही दोघंच होतो आणि मी त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत राहिलो.