माशांच्या खोलीतला पांढरा उजेड

पडदा काळा आहे, जाड कापडाचा, आणि तो वर जात नाही, बाजूला सरतो. मागे सगळं लाल. लाल बल्बच्या उजेडात काचेच्या टाक्यांच्या रांगा, टाक्यांत बोटाच्या पेरांएवढे पट्टेरी झेब्राफिश, पंपाची अखंड घरघर आणि असा ओशट वास, की नवख्या माणसानं पहिल्याच पावलाला माघारी फिरावं. या लाल उजेडात नाकाला पदर लावून एक बाई प्रवेश करते. राजमती तिचं नाव. निपाणीकडच्या जैन शेतकऱ्याची लेक, बेळगावात भाड्याचं घर, आणि नोकरी माशांच्या खोलीत! नाटकात असं पात्र लिहिलं असतं, तर प्रेक्षकांनी लेखकाला खोटं ठरवलं असतं.

राजमतीलाही ते खोटंच वाटायचं. नवऱ्याचे, वर्धमानचे गुडघे गेले, त्याचं हिंडायचं काम सुटलं, म्हणून ती या प्रयोगशाळेत आली. टाक्या घासायच्या, माशांना पूड घालायची, भांडी धुवायची. संध्याकाळी घरी पोचली की आधी अंघोळ, मग गॅसला हात. तरी जेवताना वर्धमान ताट जरासं लांब सरकवायचाच.

"वास येतोय व्हय अजून?"

"न्हाय गं. सवय झालीय आता."

"तुमच्या नाकाला झाली असंल. माझ्या पोटाला न्हाय झाली."

ही किळस ती रोज गिळायची, ती एका शब्दावर. पहिल्याच दिवशी तिनं प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, युवराज सरांना सांगितलं होतं, "जीव मारायचं काम मी करणार न्हाय साहेब." सर हसले नाहीत. छातीवर हात ठेवून म्हणाले, "आक्का, तुम्ही फक्त जगवायचं. बाकीचं आमच्या माथी." शब्दाचा माणूस. मेलेला मासासुद्धा ते स्वतः उचलायचे. हा शब्द राजमतीनं घरी नेला, वर्धमानपुढं ठेवला, आणि त्या बळावर ती स्वयंपाकघरात ताठ उभी राहायची.

खोलीत चाललं होतं काय, ते तिला दिपालीनं सांगितलं. दिपाली खानापूरची, तिथं संशोधन करणारी पोर.

"आक्का, ह्या अंड्यांत आम्ही एक जनुक घातलंय. अंधारात ते झोपून असतंय. निळा उजेड पडला की जागं होतंय आणि शेपटाकडच्या नसांच्या पेशी मारून टाकतंय. तेवढ्याच. मग त्या परत उगवतात का, ते आम्ही बघतो."

"म्हणून हा लाल दिवा?"

"व्हय. लाल उजेडानं ते जागं होत न्हाय. पांढऱ्यानं मात्र होतंय, पांढऱ्यात निळा असतोयच की."

"मग मासा बरा होतोय परत?"

"काही होतात."

"आणि उरलेले?"

दिपालीनं हातातल्या बशीवरची, उजेड अडवणारी चंदेरी फॉइल आणखी घट्ट केली. "उद्या लुळ्या माणसाच्या नसा अशा उगवल्या तर, आक्का?"

राजमतीला ते पटलं. शिसारीही आली. दोन्ही एकदम.

पडद्याबाहेर सिंक होतं आणि तिथं राज्य राजमतीचं. माहेरी पाणी गाळलं की फडक्यावर जे जीवजंतू उरतील ते परत विहिरीत अलगद सोडायचे. पालेभाजीचं पान न् पान उजेडाकडं धरून मगच चिरायचे. तीच रीत तिनं इथं आणली. दिपालीनं टाकलेली बशी साबणात घालण्याआधी ती मोबाईलच्या लाईटवर धरून बघायची. कितीदा तळाला एखादं जिवंत अंडं सापडायचं, ते ती परत पाण्यात सोडायची. "आक्का, तुम्ही माशांच्या सुईण झालाय बघा!" दिपाली चिडवायची.

त्या दुपारी दिपाली खानापूरची बस गाठायच्या गडबडीत होती. धुवायच्या बश्यांच्या ढिगात एक फॉइलवाली राहून गेली. फॉइलच्या बश्यांना हात लावायचा नाही, हे राजमतीला ठाऊक होतं; पण त्या पडद्याआड, कपाटातल्या. सिंकवर आलं ते धुवायचं. तिनं फॉइल सोडली, लाईट लावला आणि तिचा हात थांबला. काचेच्या मण्यांसारखी अंडी, आणि प्रत्येक मण्यात वळवळणारा एकेक जीव.

"आत्ता साबणात गेला असता की रं बाळांनो!"

त्या वासातही तिनं नाकावरचा पदर काढला. मोबाईल नळाला टेकवला, बशी त्याच्या उजेडात ठेवली आणि बाकीची भांडी घासून होईस्तोवर ती त्या अंड्यांशी बोलत राहिली. मग फॉइल नीट गुंडाळून बशी कपाटात ठेवली. रात्री वर्धमानला वाढताना म्हणाली, "आज बशीभर जीव वाचवलं." त्यानं ताट जवळ ओढलं.

सकाळी दिपालीची हाक आली. "आक्का, ही बशी कुणी उघडलीती?"

सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर रात्रीत अंड्यांतून निघालेली पिल्लं मोठी होऊन दिसत होती. आडवी पडलेली. डोकी झटके देत होती, शेपट्या मात्र ओल्या दोऱ्यासारख्या लुळ्या.

"मी," राजमती म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. सांगता सांगताच दिपालीचं पांढऱ्या उजेडाचं बोलणं तिला आठवलं.

दिपालीचा चेहरा उतरला. "चूक माझीच, आक्का. सिंकवर मीच विसरले." पण राजमती ऐकत नव्हती. तिनं आपला तळवा नाकाशी नेला. साबणाचाच वास होता. तरी तिनं जाऊन हात परत धुतले. आणखी एकदा धुतले.

एवढ्यात युवराज सर आले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर वाकून पाहिलं आणि अचानक त्यांचा चेहरा खुलला, पहिली टाळी पडलेल्या नटासारखा.

"अगं, साध्या मोबाईलच्या उजेडावर झालं की हे! आणि आपण महागाचा निळा दिवा लावून बसलोय. आक्का, तुम्ही तर प्रयोगच करून दाखवलात!"

भल्या माणसाच्या आनंदात कपट नव्हतं. म्हणूनच तो बघवत नव्हता. त्यांनी दुसरी बशी आणून सिंकवर ठेवली, फॉइल सोडली, स्वतःच्या मोबाईलचा लाईट लावला आणि तो राजमतीपुढं धरला.

"काल ठेवला होता अगदी तसाच ठेवा. किती लांब, कसा तिरका, ते तुमच्याच हाताला माहीत."

"सर, आक्कांना नको..." दिपाली पुटपुटली.

"अगं, लाईट तर ठेवायचाय. मारायला कुठं सांगतोय मी?"

पांढरा उजेड बशीवर पडला होता. तसेच मणी. तशीच वळवळ. राजमतीनं पदर नाकाला लावला. अंगातला कामाचा कोट काढून खुंटीला अडकवला, पिशवी काखेत मारली. सरांचा हात तसाच पुढं होता.

"आक्का, रागावला व्हय?"

ती दारात वळली.

"विझवा ओ तो लाईट आधी. मला मळमळायलंय."